मणक्याचं फ्यूजन झाल्यावर: दुखणं आधी थांबतं, हाड नंतर जुळतं

माझ्या कमरेचे एल-४ आणि एल-५ हे दोन मणके आणि त्यांच्याखालचं त्रिकास्थी, असे तिघे एकमेकांना जोडून आता चौदा महिने झाले. एल-४ हा एल-५ वरून पुढे सरकला होता. पाच-सात मिनिटं उभं राहिलं की डाव्या पोटरीत मुंग्या येत, मग पाय जड होई, इतका की बसल्याशिवाय इलाज नसे. मी ग्रंथपाल आहे. उभं राहणं, खालच्या कप्प्यातून पुस्तकं काढणं, गठ्ठे इकडून तिकडे ठेवणं, हेच माझं काम. ऑपरेशन ठरलं तेव्हा मी ऑपरेशनबद्दल मिळेल ते सगळं वाचलं. घरी आल्यावर काय करायचं याबद्दल मात्र जवळजवळ काहीच वाचलं नव्हतं, आणि खरी कसोटी तिथे लागली. ज्यांची तारीख ठरली आहे किंवा जे नुकतेच घरी आलेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

मी सांगते ते सगळं कमरेच्या फ्यूजनबद्दल, म्हणजे कमरेचे मणके जोडण्याच्या ऑपरेशनबद्दल आहे. मानेच्या फ्यूजनचे नियम वेगळे असतात. आणि तुमच्या सर्जननी माझ्यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमची हाडं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

टेबलावर फ्यूजन होत नाही

हे मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ऑपरेशन झालं म्हणजे मणके जुळले, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या दिवशी फक्त तयारी होते. दोन मणक्यांमधली खराब गादी काढतात, तिच्या जागी छोटा पिंजरा बसवतात, त्याच्या आत-बाहेर हाडाचा चुरा भरतात. हा चुरा कधी तुमच्याच कमरेच्या हाडाचा असतो, कधी दबलेली नस मोकळी करताना निघालेल्या हाडाचा, तर कधी हाडपेढीतून आणलेला. मग मागून स्क्रू आणि दांड्या. माझ्या पाठीत सहा स्क्रू आणि दोन दांड्या आहेत. त्यांचं काम एवढंच, की मणके हलू द्यायचे नाहीत. त्या स्थिरतेत शरीर हळूहळू नवं हाड वाढवतं आणि त्या चुऱ्याचा पूल करतं.

स्लॅबचं सेंटरिंग पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. खालच्या फळ्या आणि टेकू स्लॅब धरून ठेवतात, पण भार पेलायचा असतो तो काँक्रीटने, आणि ते ओतल्या दिवशी ओलं असतं. पाठीतलं काँक्रीट पुरेसं पक्कं व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि पूर्ण घट्ट व्हायला वर्ष, कधी त्याहूनही जास्त. तोवर हाड जुळलंच नाही, तर सगळा भार धातूवर पडत राहतो. धातू कितीही चांगला असला तरी रोज त्याच जागी ताण आला की एक दिवस स्क्रू ढिला होतो किंवा दांडी तुटते.

मणके जोडण्याच्या पहिल्या शस्त्रक्रिया १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाल्या. रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी या दोघांनी त्या आपापल्या पद्धतीने केल्या. स्क्रू नव्हतेच तेव्हा. आल्बींनी तर मणक्याच्या क्षयात रुग्णाच्याच नडगीच्या हाडाची पट्टी मणक्यांत बसवली. त्या काळच्या रुग्णांना हाड धरेपर्यंत आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढावे लागत. आज स्क्रूंमुळे आपण दुसऱ्या दिवशी उठून चालतो. हाडाचा वेग मात्र तेव्हा होता तोच आहे. त्यामुळे आपल्याला चालता येतं, बरं वाटतं, आणि आत अजून सगळं ओलंच असतं. पहिल्या आठवड्यात दुखणंच तुम्हाला जपतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ते ओसरतं आणि मग जपायला कुणी उरत नाही. माझी चूक तिथेच झाली, ती पुढे सांगते.

जाण्याआधी घर लावून ठेवा

माझ्या लेकीने एक काम केलं, त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तिने मला भिंतीशी उभं केलं आणि स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि कपाटांवर दोन रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. एक माझ्या कमरेच्या उंचीवर, दुसरी खांद्याच्या. मला रोज लागणारी प्रत्येक वस्तू या दोन पट्ट्यांच्या मध्ये यायलाच हवी, असा तिचा नियम. फोनचा चार्जर खालच्या बटणातून काढून टेबलावर आला. कपड्यांचे खालचे कप्पे रिकामे झाले. साबण, औषधं, चष्मा, पुस्तकं, सगळं वर. घरी आल्यावर पहिल्या दिवशी लक्षात आलं, की आपण दिवसातून किती वेळा काही ना काही घ्यायला वाकतो ते आपल्याला माहीतच नसतं.

पायपुसणी आणि गालिचे गुंडाळून ठेवा, जमिनीवरच्या वायरी हलवा, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा असू द्या. कमोडची बैठक ठेंगणी असेल तर वर बसवायची उंच बैठक आणा. वस्तू उचलायचा लांब चिमटा आणि लांब दांड्याचा शू-हॉर्न, हे दोन्ही आधीच घेऊन ठेवा आणि वापरून पाहा. पादत्राणं मागून बंद आणि न वाकता पाय सरकवता येतील अशी. सपात्यांमध्ये पाय घसरतो.

तंबाखू कुठल्याही रूपात घेत असाल तर ती आधी सोडा. हे मी सभ्यपणे सुचवत नाहीये, कळकळीने सांगते आहे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड न जुळण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. पुष्कळ सर्जन याच कारणासाठी ऑपरेशन पुढे ढकलतात. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या वापरत असाल तर तेही त्यांना सांगा. मधुमेह असेल तर साखर आधीपासून आटोक्यात हवी. वाढलेल्या साखरेत जखमही नीट भरत नाही आणि हाडही. ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. माझं कमी निघालं होतं आणि ऑपरेशनआधीच गोळ्या सुरू झाल्या.

उठणं, झोपणं, बसणं

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "आता ओंडक्यासारखं वळायचं." मला वाटलं होतं, त्या मला धरून उठवतील. त्यांनी फक्त शिकवलं, आणि तेच बरं झालं, कारण घरी हे मला दिवसातून दहा-बारा वेळा एकटीला करायचं होतं.

ते असं. उताणं असताना आधी दोन्ही गुडघे वाकवा, तळवे गादीवर टेकवा. ज्या बाजूने उतरायचं त्या कडेशी थोडं सरकून घ्या. मग खांदा, कंबर आणि गुडघे एकाच क्षणी त्या कुशीवर वळवा. आधी खांदा आणि मागून कंबर असं झालं तर पाठ पिळली जाते, आणि तीच नको आहे. कुशीवर आल्यावर एक श्वास थांबा. आता पोटऱ्या पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीत रोवून धड वर ढकला. पाय खाली जातात तसं त्यांच्याच वजनाने धड वर येतं. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं उचललं जातं तसं. पाठीला काही करावं लागत नाही. बसल्यावर लगेच उभं राहू नका, मिनिटभर कडेवर बसून डोकं स्थिर होऊ द्या, चक्कर येते. झोपताना हेच उलट्या क्रमाने.

पहिल्यांदा मला याला चार मिनिटं लागली आणि मी घामाने भिजले. तिसऱ्या दिवशी अर्धं मिनिट. आजही मी असंच उठते.

झोप उताणी असेल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असेल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी, म्हणजे वरचा पाय खाली घसरून कंबर वळत नाही. पालथं झोपायचं नाही.

बसणं हे माझ्यासाठी चालण्यापेक्षा अवघड होतं. बसल्यावर कमरेवरचा दाब उभं असतानापेक्षा वाढतो. पहिल्या महिन्यात एका वेळी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. मी गजर लावत असे. खुर्ची कडक, हात असलेली, बैठक गुडघ्याइतकी किंवा थोडी उंच. मऊ, खोल सोफ्यात बसू नका. त्यातून उठताना पाठ गोल होतेच. उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरका, पाय मागे घ्या, पाठ सरळ ठेवून खुब्याच्या सांध्यातून पुढे झुका आणि हातांनी रेटा द्या.

वाकायचं नाही, उचलायचं नाही, वळायचं नाही. हे तीन नियम सगळेच सांगतात. पण वाकणं म्हणजे जमिनीपर्यंत वाकणं, अशी आपली समजूत असते. दात घासून बेसिनवर थुंकणं हेही वाकणंच. मी पेला हातात धरून त्यात चूळ टाकत असे. संडासात स्वच्छ करताना मागे हात नेणं म्हणजे वळणं. पाण्याचा फवारा वापरा, किंवा पाठ सरळ ठेवून समोरून हात न्या. कुणी मागून हाक मारली तर मान आणि खांदे फिरवू नका, पावलं टाकत अख्ख्यानेच वळा. शिंक येईलसं वाटलं तर उशी पोटाशी घट्ट धरा. उभ्या असाल तर ताठ राहा आणि एक हात भिंतीवर टेका. पहिल्या पंधरवड्यात एका शिंकेने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं होतं.

उचलायची मर्यादा मला सुरुवातीला २ किलो सांगितली होती, काहींना ४ ते ५ किलो सांगतात. किलोचा अंदाज हाताला नसतो. पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे १ किलो, त्यावरून मोजा. भरलेली किटली, लॅपटॉपची पिशवी, सगळं या हिशेबात धरा. लहान मूल घरात असेल तर त्याला उचलायचं नाही. तुम्ही बसा आणि त्याला कुणीतरी तुमच्या शेजारी आणून बसवू दे.

चालणं हाच व्यायाम

पहिले सहा-आठ आठवडे मला चालण्याखेरीज दुसरा व्यायाम नव्हता. चालण्याने रक्त फिरतं, पायात गुठळी होण्याचा धोका कमी होतो, पोट साफ होतं, झोप येते. मी एक वही केली होती. डावीकडे तारीख, मधे मिनिटं, उजवीकडे दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दहापैकी किती. घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून सहा वेळा, खोलीतल्या खोलीत. तिसऱ्या आठवड्यात दहा-बारा मिनिटं, चार वेळा. सहाव्या आठवड्यात सलग अर्धा तास, सपाट रस्त्यावर.

त्या उजव्या रकान्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. चालताना किती दुखलं याला फारसं महत्त्व नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखत असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. तसं नसेल तर दोन-चार मिनिटं वाढवा. एका दिवशी खूप चालून दोन दिवस पडून राहण्यापेक्षा रोज थोडंथोडं, तेही तुकड्यातुकड्याने, फार चांगलं.

माझ्या सर्जननी मला सहा आठवडे पट्टा दिला होता, पलंगावरून उतरलं की घालायचा, झोपताना काढायचा. पुष्कळांना तो देतच नाहीत. दिला असेल तर आत पातळ सुती बनियन घाला, नाहीतर घामाने कातडी सोलते.

औषधं, पोट आणि जखम

दुखणं असह्य होईपर्यंत गोळी टाळू नका. पहिल्या दोन आठवड्यांत ठरलेल्या वेळी घेतलेली गोळी ही चालायला मिळालेली परवानगी असते. मात्र कुठल्या गोळीत काय आहे ते पाहा. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, आणि अनेक डॉक्टर त्याहून कमीच ठेवतात. ते मिश्र गोळ्यांमध्येही असतं, त्यामुळे नकळत दुप्पट होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात म्हणून बरेच सर्जन सुरुवातीच्या काळात त्या बंद ठेवतात. घरात पडलेली जुनी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. नसेच्या दुखण्यासाठी गॅबापेन्टिन किंवा प्रीगाबालिन दिलं असेल तर ते मनाने एकदम थांबवायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची औषधं शक्य तितक्या लवकर उतरवत आणा, आणि ती चालू असताना गाडी चालवू नका.

या औषधांनी बद्धकोष्ठ होतं, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवसापर्यंत मला शौचाला झालं नव्हतं, आणि कुंथायचं तर टाके आणि पाठ, दोन्हींवर ताण. पहिल्याच दिवसापासून डॉक्टरांकडून मल मऊ करणारं औषध मागून घ्या, पाणी भरपूर प्या, तंतुमय खा. प्रथिनंही वाढवा, ऑपरेशननंतर भूक मरते आणि हाडाला तर सामान लागतं.

टाके किंवा पिना साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. अंघोळीची परवानगी मिळाल्यावर जखमेवरून पाणी जाऊ द्या, चोळू नका, टिपून कोरडी करा. टबात किंवा तलावात बुडणं, जखम पूर्ण भरून सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. जखम आपल्याला दिसत नाही, म्हणून रोज एकाच वेळी घरच्या कुणाला तरी फोनवर तिचा फोटो काढायला सांगा. दोन दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की लाली वाढली की कमी झाली ते लगेच दिसतं.

आता हे नीट वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या. लघवी होत नसेल किंवा आपोआप होत असेल, शौचाचा ताबा सुटला असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिर वाटत असेल, पायातली ताकद कमी होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा. छातीत दुखणं किंवा अचानक धाप लागणं, तेव्हाही तेच. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, जखमेतून पू, किंवा उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखणं आणि आडवं झालं की थांबणं, जखमेतून पाण्यासारखं काही झिरपणं, यासाठी त्याच दिवशी सर्जनला फोन करा.

तिसरा आठवडा

या आठवड्यात मला रडू यायला लागलं. कारण असं काही नव्हतं. जखम भरत होती, पाय सुटला होता. पण रात्री तुकड्यातुकड्याने झोप, अंगात त्राण नाही, मोजेसुद्धा नवरा घालणार, आणि भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणणार, "किती छान दिसतेस!" नवऱ्यावर एकदा विनाकारण ओरडले. तो काही बोलला नाही, वही आणून समोर ठेवली. पहिल्या दिवसाची पाच मिनिटं आणि त्या दिवसाची बारा.

मोठ्या ऑपरेशननंतर मन असं खाली जाणं पुष्कळांना होतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जगण्यावरचं मनच उडालं, तर तेही डॉक्टरांना तितक्याच सरळपणे सांगा जितक्या सरळपणे तुम्ही ताप सांगाल.

याच सुमारास डाव्या पायाच्या बोटांत नव्याने झिणझिण्या आणि अधूनमधून विजेसारखी चमक सुरू झाली. ऑपरेशन फसलं, असंच वाटलं मला. सर्जननी समजावलं, की बरीच वर्षं दबलेली नस मोकळी झाल्यावर कुरकुर करतेच. खराब झालेले तंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि कमरेपासून बोटांपर्यंतचं अंतर मोठं आहे. माझ्या करंगळीचा बधिरपणा पूर्ण जायला अकरा महिने लागले. झिणझिण्या येतात-जातात तोवर वहीत लिहा. ताकद कमी झाली तर मात्र लगेच दाखवा.

सेहेचाळिसावा दिवस

त्या दिवशी मी पूर्ण बरी होते. म्हणजे मला तसं वाटत होतं. पट्टा नुकताच सुटला होता, गोळी दिवसातून एकच. घरात कुणी नव्हतं आणि धुण्याच्या यंत्राचा गजर वाजला. समोरून दार असलेलं यंत्र. मी वाकले, ओल्या कपड्यांचा पिळा दोन्ही हातांनी ओढला आणि बाजूच्या टोपलीत टाकायला वळले. वाकणं, उचलणं, वळणं, तिन्ही एकाच हालचालीत, दोन सेकंदांत. पाठीत कळ आली ती अशी, की मी यंत्राच्या कडेला धरून तिथेच गुडघ्यांवर बसले. टोपलीतल्या कपड्यांमधून पाणी ठिबकत होतं, ते फरशीवरून माझ्या गुडघ्यापर्यंत आलं, तरी मला हलता येईना. लेक येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

एक्स-रेमध्ये स्क्रू जागेवर होते. स्नायू आखडले होते, दहा दिवस पुन्हा पहिल्या आठवड्यासारखे गेले. सर्जननी फोटोवर बोट ठेवून दाखवलं: दोन मणक्यांच्या मध्ये अजून नुसती धूसर कापसासारखी छटा. "हे हाड व्हायचंय अजून," एवढंच म्हणाले.

म्हणून सहाव्या आठवड्यानंतरच्या दिवसांसाठी घरात काही ठरवून ठेवा. आमच्याकडे यंत्राच्या दारावर लेकीने तिसरी चिकटपट्टी लावली, आडवी, आणि सहा महिने त्या दाराला मी हात लावला नाही. केर काढणं, गादीवरची चादर खोचणं, कपाटाचा खालचा खण, गाडीच्या डिकीतून सामान काढणं, या सगळ्यांत तीनपैकी दोन नियम तरी मोडतात. ती कामं आधीच दुसऱ्याच्या नावावर करा. बरं वाटायला लागल्यावर मागायला संकोच वाटतो.

तीन महिन्यांपासून पुढे

साधारण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष अशा टप्प्यांवर एक्स-रे होतात. जाताना वही न्या आणि थेट विचारा: हाड धरताना दिसतंय का, स्क्रूभोवती ढिलेपणाची काळी कडा आहे का, आता मी किती उचलू शकते. शंका असेल तर सीटी स्कॅनमध्ये हाडाचा पूल जास्त स्पष्ट दिसतो.

फिजिओ माझी दहाव्या आठवड्यात सुरू झाली. पोटाचे आतले स्नायू हळूच आवळून धरणं, उताणं पडून नितंब उचलणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुब्याच्या सांध्यातून झुकणं. ते शिकायला एक सरळ काठी घ्या. ती पाठीशी उभी धरा, डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला टेकेल अशी. आता गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे ढकलत झुका. तिन्ही जागी काठी टेकलेली राहिली तर झुकणं बरोबर. एक जरी जागा सुटली तर पाठ वाकली. मी हे रोज वीसदा केलं, दोन महिने. जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर आता जास्त भार येतो आणि पुढे तिथली गादी झिजू शकते, त्यामुळे हे झुकणं आयुष्यभरासाठीच शिकायचं आहे.

गाडी चालवायला मी आठव्या आठवड्यानंतर सुरुवात केली, गुंगीच्या गोळ्या बंद झाल्यावर, आणि आधी उभ्या गाडीत बसून ब्रेक झटकन आणि पूर्ण दाबता येतो ना ते पाहून. शेजारी बसून प्रवास असेल तर दर अर्ध्या-पाऊण तासाने उतरून चाला. पतिपत्नीच्या संबंधांबद्दल विचारायला लोक लाजतात; सर्जनला सरळ विचारा, बहुतेकांना काही आठवड्यांनी परवानगी मिळते, फक्त पाठीवर ताण नको. कामावर मी दहाव्या आठवड्यात अर्धा दिवस जाऊ लागले. बैठं काम असणारे त्याआधीही जातात, ओझी उचलण्याचं काम असेल तर तीन ते सहा महिने किंवा अधिक धरा. स्क्रूंच्या स्टिकरचा आणि ऑपरेशनच्या नोंदीचा फोटो फोनमध्ये ठेवा. टायटॅनियम असताना एमआरआय सहसा करता येतो, पण तंत्रज्ञाला आधी सांगावं लागतं.

वर्षाच्या एक्स-रेत पिंजऱ्याच्या आरपार पांढरी पट्टी दिसली. त्यानंतरच्या सोमवारी मी पहिल्यांदा सर्वांत खालच्या कप्प्यातलं पुस्तक स्वतः काढलं. कपाटाच्या अगदी जवळ उभी राहिले, एक हात वरच्या फळीवर ठेवला, डावा पाय मागे नेऊन डावा गुडघा जमिनीवर टेकवला, पाठ काठीसारखी. पुस्तक आधी छातीशी धरलं आणि मग उजव्या पायावर जोर देऊन उभी राहिले. जाडजूड शब्दकोश होता, दीड किलोचा तरी असेल. दुसरा खंड काढायला पुन्हा खाली गेले, तेव्हा पाय बदलला.